लाकडावर

बँड दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या लिंबाजवळ आला आणि गप्प झाला. बिघडला नाही, नियमाप्रमाणे गप्प झाला. कॉर्नेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल सगळं एका दमात थांबलं आणि मागे उरली ती साइड ड्रमच्या लाकडी कडेवर पडणारी टिपरी, टक, टक, टक, आणि तिच्याबरोबर पडणारे पोरांचे पाय. वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात रतनबाईच्या खाटेशी स्टुलावर बसलेल्या सहादेव शिरसाटांची मान आपोआप ताठ झाली. गेल्या वर्षापर्यंत ते नगरच्या कॉलेजच्या या बँडचे मास्तर होते, आणि हे गप्प होणं त्यांनीच बसवलेलं होतं. "ऐकलंस का?" ते बायकोला म्हणाले, "आपला बँड. सव्वीस जानेवारीची तालीम चाललीय." रतनबाईनं उशीवरून डोकं थोडं उचललं होतं. लांबून सूर येत होते तेव्हापासून ती तशीच, मान उचलून होती. "थांबला का मंग?" तिनं विचारलं. "दवाखाना आला ना. दवाखान्यापुढं वाजवायचं न्हाई. मीच लावलाय नियम," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपल्या आवाजातला तोरा ऐकू आला. रतनबाईचं डोकं परत उशीवर टेकलं. छातीतली घरघर जरा शांत होईपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "मंग म्या ऐकायचा कुठून?" तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. आड आटला तर पाणी कुठून आणायचं, असं बाईनं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. खाली पोरं फाटकावरून पुढे गेली, पलीकडच्या पिंपळापाशी बँड पुन्हा वाजू लागला, पण तोवर तो भिंतीआड गेला होता आणि त्यातला नुसता ढोल तेवढा गादीखालून आल्यासारखा ऐकू येत होता.

ते स्टुलावरून उठले ते सरळ खाली आले आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहिले. चहा नको होता. उभं राहायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. मंग म्या ऐकायचा कुठून. हिनं आपला बँड एकदाही ऐकलेला नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं आणि समोर येऊन बसणं यात फरक असतो. लग्न झालं तेव्हा ते पलटणीच्या बँडात होते, आज इथं तर उद्या तिथं. पलटण सुटली आणि नगरच्या या कॉलेजात बँड उभा करायला कुणीतरी हवं म्हणून त्यांना ठेवून घेतलं, तेव्हा वाद्यांच्या खोलीमागची एक खोली राहायला मिळाली. तिथं बायको आणायची का? आणता आली असती. पण तिकडे पाथर्डीकडे रान होतं, म्हातारी होती, म्हैस होती, आणि दरवर्षी यातलं एकेक कारण पाळीपाळीनं पुढं व्हायचं. रतनबाई म्हणायची, येते की एकदा तुमचा बँड बघाया. एकदा आलीही होती. पंधरा ऑगस्टला सकाळच्या गाडीनं निघाली, गाडी वाटेत पंक्चर झाली, आणि ती माळीवाड्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा मिरवणूक आटोपून पोरं केळी खात बसली होती. "झाला व्हय?" ती म्हणाली होती, आणि पदराखालून पोरांसाठी आणलेल्या शेंगा काढून तिनं वाटून टाकल्या होत्या. पोरं तिला काकू म्हणाली. सहादेवांना तेव्हा वाटलं होतं, पुढल्या वर्षी ऐकेल. त्यांचा सगळा संसार असाच पुढल्या वर्षावर चालला होता.

आणि मग हे वर्ष आलं. म्हणजे आलं ते मागच्याच साली. पाऊस पडायचा तेव्हा पडला नाही, आणि आता पडेल, मग पडेल करता करता रानं काळी पडली, जनावरं छावणीत गेली आणि गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. सहादेव रिटायर झाले होते. रिटायर माणसानं गावी जायचं असतं. ते गेले नाहीत. ओळखीच्याच्या कृपेनं केडगावात एक खोली घेऊन राहिले, रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून शहरात यायचे आणि कॉलेजच्या कुंपणाबाहेरून तालीम ऐकून परत जायचे. तू इकडे ये, असं त्यांनी रतनबाईला कळवलं होतं. तिनं गावच्या माणसाकडून निरोप पाठवला, समद्या बाया कामावर जात्यात, म्या एकलीच नगरला जाऊन काय करू. दिवाळीला ते गेले तेव्हा ती घरी नव्हती. माळावर बाया ओळीनं बसल्या होत्या, पुढ्यात दगडाचा ढीग, बोटांना चिंध्या बांधलेल्या, आणि हातोडे चालले होते. ते बाभळीखाली बसून राहिले. आधी त्यांना नुसता गोंगाट ऐकू आला. मग कान लागला, जित्याची खोड म्हणतात ती, आणि त्यांच्या ध्यानात आलं की रतनबाईचा हातोडा एका ठेक्यात पडतोय आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया नकळत त्या ठेक्यात आल्यात. ताल धरून फोडलं की हात कमी दुखतो, ती संध्याकाळी म्हणाली. मुकादमाची शिट्टी झाली की सगळ्याजणी हजेरीला उठायच्या, चुकली की त्या दिवसाची मजुरी गेली. तेव्हाच ती खोकत होती. धूळ हाय, ती म्हणाली. त्यांनाही ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

संक्रांतीच्या आधी गावच्या लोकांनी तिला ट्रकमध्ये घालून नगरला आणलं. छातीत पाणी झालं होतं, आणखीही काही झालं होतं, डॉक्टर सांगताना कपाळाकडे बघून बोलत. मुलगी शोभा पुणतांब्याहून येऊन गेली, आईच्या पायाशी बसून रडली आणि घरी लहान मूल होतं म्हणून परत गेली. सहादेवांनी दिवसभर बसायचं ठरवलं. दिवसभर बसून काय करायचं ते मात्र त्यांना कळेना. एवढ्या वर्षांत इतका वेळ दोघं एका जागी कधी बसलेलीच नव्हती. बोलायला म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती बोलून सांगायची नव्हती, ऐकवायची होती.

गोष्ट म्हणजे एक चाल. बँडसाठी त्यांनी स्वतः एक कूच, म्हणजे मार्च, बांधली होती. कॉलेजचा बँड दरवर्षी तीच वाजवत शहरातून जायचा, आणि तिला नाव काय द्यायचं असं प्रिन्सिपॉलांनी विचारलं तेव्हा त्यांनी, नावाचं काय, असं म्हणून वेळ मारून नेली होती. तिचा पहिला भाग पलटणीतल्या कुठल्याही कुचेसारखाच होता, छाती काढून चालणारा. शेवटचा भागही तसाच. पण मधला भाग, जिथं मोठा ढोल दबतो आणि क्लॅरिनेटं पुढं येतात, तो त्यांचा नव्हता. तो रतनबाईचा होता. रजेवर गावी गेलं की पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर ती काहीतरी म्हणायची. शब्द त्यांना कधी नीट लागले नाहीत, पण चाल लागली. तीन पायऱ्या चढायची, चौथीवर थबकायची आणि मग दमलेल्या माणसासारखी हळूच खाली बसायची. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी ती मनात उतरवून घेतली, नगरला आल्यावर चालीचा वेग वाढवला, पायांत बसवली, आणि पोरांना शिकवली. सगळं शहर वर्षानुवर्षं ती ऐकत आलं. जिची होती तिला पत्ता नव्हता. सांगायचं कसं? सहादेवांना लाज वाटायची. बायकोचं जातं चव्हाट्यावर वाजवतो, असं काहीतरी वाटायचं. एकदा ऐकेल, ओळखेल, आणि मग आपण हसू, असा त्यांचा बेत होता. तो बेतही पुढल्या वर्षावर होता.

आता त्यांनी तिला ती स्वतः ऐकवून पाहिली. कॉर्नेट फुंकणं संपलं होतं. कॉर्नेट दातांवर उभा असतो, आणि पुढचे दात गेले त्या दिवशी त्यांचा ओठ नुसता फडफडायला लागला. म्हणून ते गुणगुणले. दुपारी वॉर्ड पेंगुळलेला असताना खाटेवर वाकून, तिच्या कानाशी, तीन पायऱ्या, थबकणं, बसणं. रतनबाई डोळे मिटून होती. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कडूबाई मात्र उठून बसली. "मास्तर," ती म्हणाली, "आसं रडू नगा. बाईमानसाम्होरं गड्यानं रडू न्हाई." सहादेव एकदम सरळ झाले. "रडत न्हाई मी, गातोय," ते म्हणाले. "तेच म्हनते म्या," कडूबाई म्हणाली आणि परत आडवी झाली. रतनबाईच्या तोंडावर हसू आलं का ते त्यांनी बघितलं. नव्हतं आलं. "काय म्हनत हुता?" तिनं मग विचारलं. "काही न्हाई," ते म्हणाले. पलटणीत आणि कॉलेजात मिळून सगळी हयात सुरात घातली, आणि आपल्याच बायकोच्या कानात चार सूर टाकता येऊ नयेत, याची त्यांना अशी चीड आली की ते उठून व्हरांड्यात गेले आणि कठडा धरून उभे राहिले.

कठड्यावरून खालचा रस्ता दिसत होता, लिंब ते पिंपळ. एवढा तुकडा त्यांनी गप्प केला होता. कुठल्याशा पंधरा ऑगस्टला बँड इथून दणदणत गेला होता, आणि दवाखान्यातून एक माणूस धावत रस्त्यावर आला होता. धोतर, उघडं अंग, हात जोडलेले. त्याचा पोरगा धनुर्वातानं आत पडला होता आणि ढोलाच्या प्रत्येक दणक्यासरशी त्याचं अंग कमानीसारखं वाकत होतं, हे दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. पोरगा वाचला की गेला हे सहादेवांनी कधी विचारलं नाही. त्यांनी नियम केला. लिंब आला की मास्तरचा डावा हात वर, पंजा उघडा, बोटं जुळलेली, आणि सगळा बँड लाकडावर. लाकडावर म्हणजे कातडं बंद, टिपरी फक्त ड्रमच्या कडेवर. नुसतं थांबायचं असतं तर सोपं होतं. पण सहादेवांच्या मनात ते पुरेना. थांबला तो बँड कसला? चाल चालूच राहिली पाहिजे, फक्त ऐकू येता कामा नये. म्हणून त्यांनी पोरांना शिकवलं, लाकडावर असताना प्रत्येकानं आपली चाल मनात वाजवत जायची, एकही सूर न गाळता, डोळे समोर, इकडेतिकडे बघायचं नाही, आणि पिंपळापाशी हात खाली आला की चाल मनात जिथं पोचली असेल तिथून सगळ्यांनी एकदम उचलायची. आधी किती गोंधळ झाला! कुणी पुढं निघून जाई, कुणी मागं राही, पिंपळापाशी बँड फुटलेल्या मडक्यासारखा खळखळे. ते शिव्या देत, छडी आपटत, पुन्हा लिंबापासून चालवत. आणि एके दिवशी जमलं. पोरं गप्प गेली आणि पलीकडे एका सुरात बाहेर पडली. त्या दिवशी सहादेव रात्री जेवले नाहीत इतका त्यांना आनंद झाला. पुढं पुढं तर लोक वाजवणं ऐकायला चौकात थांबत नसत, दवाखान्यापुढचं न वाजवणं बघायला थांबत. कँपातल्या साहेबांनी येऊन पाठ थोपटली. शहरातले लग्नाचे बँडवालेसुद्धा दवाखान्यापुढं कडेवर टिपरी मारत जायला लागले. उद्या आपण मेलो तर आपलं मागं काय राहील, असा विचार कधी मनात आला की ते म्हणायचे, हे राहील. लिंबापासून पिंपळापर्यंतचं हे.

वॉर्डातल्या सिस्टरबाई औषध द्यायला आल्या तेव्हा सहादेवांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "धनुर्वाताचे पेशंट कुठल्या बाजूला असतात हो?" "ते मागच्या इमारतीत," सिस्टर म्हणाल्या, "मी इथं आले त्याच्याही आधीपासून. इकडे रस्त्याचा आवाज असतो ना." म्हणजे एवढी वर्षं पोरं ज्याच्यासाठी गप्प जात होती, तो तिथं नव्हताच. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. सहादेवांना हसू यायला हवं होतं. त्याऐवजी एक आशा वाटली, आणि या वयात आशा वाटणं हा प्रकारच अंगाला न झेपणारा असतो. ते त्याच संध्याकाळी सुमंतकडे गेले.

सुमंत त्यांच्याच हाताखाली क्लॅरिनेट शिकलेला. तेव्हा ते त्याला, अरे गाढवा, तोंडात सुपारी आहे का, असं विचारत. आता तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि बँड त्याच्याकडे आला होता. त्याला अरे म्हणावं की अहो, हे सहादेवांचं अजून ठरत नव्हतं, म्हणून ते शक्यतो कर्ता गाळून बोलत. त्यानं वाकून नमस्कार केला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. "सव्वीस तारखेला दवाखान्यापुढं वाजवता येईल का?" सहादेवांनी एकदाचं विचारलं. सुमंतला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, "मास्तर, पण तो तर तुमचा नियम. मी फर्स्ट इयरच्या पोरांना पहिल्या दिवशी तोच शिकवतो. तुमचं नाव घेऊन शिकवतो." "हो, ते खरं," सहादेव म्हणाले. "लोक नावं ठेवतील," सुमंत म्हणाला. "म्हणतील, मास्तरांचं एवढं साधं यांना सांभाळता आलं नाही." "ती आजारी आहे," सहादेव म्हणाले. "तिनं ऐकला नाही बँड. कधीच. मधला भाग तेवढा ऐकवायचाय." मधला भागच का, हे सुमंतनं विचारलं नाही, तो मुळात चांगला मुलगा. तो म्हणाला, "ढोल नको. नुसती क्लॅरिनेटं आणि कॉर्नेट, हळू आवाजात. लिंबापाशी मी हात वर करणार नाही. पोरांना आज सांगून ठेवतो. मधला भाग बरोबर खिडकीखाली येईल अशी पावलं बांधतो. फक्त तुम्ही खिडकीत उभे राहा, म्हणजे वॉर्ड कुठला ते मला रस्त्यावरून कळेल." सहादेवांनी मान हलवली. जिना उतरताना त्यांना वाटलं, परत वर जावं आणि याला मिठी मारावी. पण तसली सवय नव्हती.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. रतनबाई झोपेत जास्त आणि जागी कमी असायची. जागी असली की म्हशीला कडबा टाकला का विचारायची. म्हैस छावणीत मेली होती, आणि ते, टाकला, म्हणायचे. डॉक्टर एकदा थांबले आणि म्हणाले, "घरी न्यायचं असेल तर नेऊ शकता." या वाक्याचा अर्थ सहादेवांना ठाऊक होता. ते हात जोडून म्हणाले, "सव्वीस तारीख होऊ द्या साहेब." डॉक्टरांना ते झेंड्याबद्दल बोलताहेत असं वाटलं असावं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे वळले. सहादेव देवधर्माच्या फारसे वाटेला जाणारे नव्हते, पण त्या दिवसांत ते मनातल्या मनात कुणाशीतरी घासाघीस करत राहिले. बरी कर असं त्यांनी मागितलं नाही. तेवढी त्यांची हिंमतच नव्हती. कान शाबूत राहू दे, एवढंच मागत होते.

सव्वीस जानेवारीला सकाळी त्यांनी दाढी केली, पलटणीचा कोट चढवला आणि लवकरच येऊन बसले. ऊन चांगलं पडलं होतं. रतनबाई जागी होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच जागी, डोळे चमकत होते, आणि कडूबाईनं तिची वेणी घातली होती. "आज वाजवत जाणारैत," सहादेव म्हणाले, "इथं, खिडकीखाली. थांबणार न्हाईत. तुझ्यासाठी." "माझ्यासाठी?" ती म्हणाली. "काय बी. म्या कोन?" पण तिनं पदर नीट केला. मग लांबून आलं. पहिला भाग, छाती काढून चालणारा. चौकातून वळला, जवळ आला, आणि सहादेव खिडकीत जाऊन उभे राहिले. खाट खिडकीला लागूनच होती. त्यांनी उजवा हात तिच्या पाठीखाली घालून तिला उचलून धरलं. केवढीशी झाली होती ती. लिंबापाशी पांढरे पोशाख दिसले, पुढं सुमंत. लिंब आला. सुमंतचा हात वर गेला नाही. लिंब मागं पडला आणि बँड वाजतच राहिला, ढोल दबला, रस्त्यावरची माणसं चमकून बघायला लागली. सुमंतनं वर बघितलं, खिडकी ओळखली, हसला. पहिला भाग संपत आला होता. आता तिचा. आता तीन पायऱ्या. "थांब," ते रतनबाईला म्हणाले, तिच्याकडे वळून, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, "थांब, आता ऐक हं, आता तुझं," आणि हे म्हणताना, थांब म्हणताना माणूस करतो तसा, त्यांचा मोकळा हात वर गेला. डावा. पंजा उघडा, बोटं जुळलेली.

खाली सगळं गप्प झालं. टक, टक, टक. त्यांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, सुमंत दम घेतोय. मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. खाली सुमंतचाही हात वर होता; मास्तरांचा पंजा बघून तो विद्यार्थ्यासारखा, विचार न करता वर गेला होता. त्याला वाटलं असणार, म्हातारा शेवटी नियमालाच जागला. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतही होतं, एक ओलं, आदरानं भरलेलं काहीतरी. "अरे नाही! वाजवा! वाजवा रे!" सहादेव ओरडले, हात हलवला, दोन्ही हात हलवता येईनात कारण एका हातावर ती होती. पुढचे दात नसल्यानं शब्दांचा वारा झाला. सिस्टरबाई दारातून शुक् शुक् करत आल्या. आणि खाली सुमंत पुढं वळला होता, एकाही पोरानं वर बघितलं नाही. लाकडावर असताना डोळे समोर. हनुवट्या वर, छात्या पुढं, टिपरी अशी एकसारखी पडत होती की जणू सगळी मिळून एकच हात वाजवतोय. इतकं चांगलं लाकूड त्यांनी स्वतः कधी नेलं नव्हतं. आणि प्रत्येकाच्या मनात आता क्लॅरिनेटं चालली होती. तीन पायऱ्या, थबकणं, बसणं. पुन्हा तीन पायऱ्या. सहादेवांना टिपरीटिपरीमधून सगळी चाल ऐकू येत होती. ती खिडकीखालून जात होती, पुरी, एकही सूर न गाळता, आणि त्यांनीच शिकवलं होतं म्हणून ती कुणाला ऐकू येत नव्हती.

हातावरचं ओझं हललं. रतनबाई कान देऊन ऐकत होती. "फोडाया लागल्या व्हय बाया?" ती म्हणाली. "नाही ग," सहादेव म्हणाले, "बँड आहे. आपला बँड." "उजाडलं की," ती म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "मुकादम येईल. उठवलं न्हाई मला कुनी. माजा हातुडा कुठाय?" कडूबाई खाटेवरून उतरून जवळ आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. पिंपळापाशी सुमंतचा हात खाली आला आणि बँड एका सुरात बाहेर पडला, शेवटच्या भागावर, जिथं पोचायला हवा होता बरोबर तिथं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिची चाल होऊन गेली होती. सहादेवांनी तिला उशीवर ठेवली. तिनं उजव्या हाताची मूठ वळली आणि ती गोधडीवर आपटायला लागली, हळू, नेमकी, एका ठेक्यात. त्यांनी तो हात धरायचा प्रयत्न केला. तिनं झटकून सोडवून घेतला, हजेरी चुकंल म्हणाली, आणि फोडत राहिली. ढोल ऐकू येईनासा झाला तरी ती फोडतच राहिली.